आक्का, मी आणि माळावरचं कापणीयंत्र

आमच्या बायकांच्या दूध संस्थेत छोटा ट्रॅक्टर आला तेव्हा मी संस्थेची सचिव होते आणि मला साधी सायकलसुद्धा येत नव्हती. बारावी झालेली सून म्हणून गावाने मला सचिव केलं होतं. सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट बघायची, सभेचं प्रोसिडिंग लिहायचं, कागद घेऊन अंबाजोगाईला जायचं, एवढंच माझं काम. यंत्राशी माझा संबंध शिलाई मशीनपुरता.

घाटनांदूरहून आत वळलं की डोंगराच्या उतारावर आमचं गाव लागतं. गावाला लागून पंचायतीचा माळ होता. कुसळाशिवाय तिथे काही येत नव्हतं. संस्थेने तो चाऱ्यासाठी मागून घेतला. दोन उन्हाळे आम्ही बायकांनी दगड वेचले, चर खणले, मारवेल आणि पवन्या गवताची ठोंबं लावली, बांधाबांधाने सीताफळाची रोपं लावली. तिसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं आणि अडचण निराळीच झाली. विळ्याने कापून ते संपेना. एका टोकाला कापणी चालू असताना दुसऱ्या टोकाचं गवत पिकून ताठ व्हायचं आणि म्हशी त्याला तोंड लावायच्या नाहीत. त्या वर्षी सरकारी योजनेतून संस्थेला तो छोटा ट्रॅक्टर मिळाला. मागे जोडायला गवत कापायचं यंत्र, माती भुसभुशीत करायला रोटाव्हेटर, सऱ्या पाडायचा एक फाळ आणि खाटेएवढी ट्रॉली.

ट्रॅक्टर डेअरीसमोर उतरवला तेव्हा सगळं गाव जमलं होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "माझ्या पुतण्याला चालवता येतंय. त्यालाच बसवू."

मागून आवाज आला, "बायकांची संस्था हाय, मंग गडी कावून बसवायचा? मी बसते."

ती आक्का. वय पन्नाशीच्या आसपास, काटक, कासोटा घातलेलं लुगडं आणि वर मुलाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मली, तशाच घरात दिली. कळप विकला गेला तेव्हा तिच्याकडे दोन म्हशी आणि थोडी जमीन उरली. सही तेवढी शिकली होती, बाकी अक्षर ओळखत नव्हती. पण गवताचं तिला जेवढं कळायचं तेवढं कृषीच्या साहेबांनाही कळत नसेल. एक काडी दातात धरून ती सांगायची, आज कापा, चार दिवसांनी कापा.

अध्यक्षबाई हसल्या. "आक्का, तुमाला गेर कळतो का?"

"मेंढरं कळत्यात. दोनशे मेंढरं वळवलीत मी. ह्ये एक न्हाई व्हय वळायचं?"

गडी माणसं खो खो हसली. बायका हसल्या नाहीत. एकीने हात वर केला, मग दुसरीने, आणि तसाच ठराव झाला. प्रोसिडिंगमध्ये तो मीच लिहिला.

शिकवायला अंबाजोगाईहून एक मिस्त्री तीन दिवस आले. चांगला माणूस, पण बोलताना त्यांची नजर पुन्हा पुन्हा मागे उभ्या असलेल्या गड्यांकडे जायची. आक्का दर वेळी सरकून त्यांच्या नजरेसमोर यायची. सोबत आलेलं पुस्तक हिंदीत होतं. ते मी वाचून मराठीत सांगायची आणि आक्का हाताने करायची. पहिल्याच दिवशी तिने वाटणी करून टाकली, "शेक्रेटरी, तू वाच, मी करते." तेव्हापासून मी तिच्यासाठी शेक्रेटरीच झाले. माझं नाव तिने कधी घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कापणीयंत्र जोडून दाखवलं. ट्रॅक्टरच्या मागून एक फिरता दांडा निघतो, तो यंत्राच्या गिअरबॉक्सला जोडायचा. मग खालच्या दोन तबकड्या गरगर फिरतात आणि त्यांच्या कडेची पाती गवत कापत जातात. त्या दांड्याला एक साधा, मऊ लोखंडाचा बोल्ट होता. मिस्त्रींनी तो काढून आमच्या हातात दिला.

"ह्यो बोल्ट तुटायसाठीच हाय. पात्यात दगड आला का ह्यो आधी तुटतो, म्हणून गेरबॉक्स वाचतो. किती बी वेळा तुटू द्या. ह्येच्या जागी दुसरा कडक बोल्ट लावू नका."

आक्काने मान हलवली. मीही हलवली. पुस्तकातलं ते पान मी तिला दोनदा वाचून दाखवलं होतं.

पहिल्या कापणीला ती भल्या सकाळी आली आणि ट्रॅक्टरवर बसायच्या आधी सगळा माळ पायी फिरली. मी मागे. "काय शोधताय?" म्हटलं, तर म्हणाली, "मेंढरं घालायच्या आदी रान बघावं लागतं, तसंच." वर आलेले दगड तिने उचलून बांधावर टाकले, तारेचा एक गुंता काढला. एका ठोंबाखाली तित्तराचं घरटं निघालं, त्यात सहा-सात अंडी. तिने शेजारच्या सीताफळाला चिंधी बांधली. कापताना तिथे आली की ती यंत्र उचलून घ्यायची आणि पुढे गेल्यावर खाली सोडायची. कापलेल्या माळाच्या मधोमध तेवढं एक बेट उभं राहायचं.

त्या दिवशी दुपारपर्यंत तिने जेवढं कापलं तेवढं कापायला आम्हा वीस बायकांना चार दिवस लागले असते. हिरव्या गवताचे पट्टे आडवे पडले होते आणि सगळ्या माळाला ओला, गोडसर वास सुटला होता. ती खाली उतरली तेव्हा तिचे हात थरथरत होते. "आंगात अजून चालूच हाय ते," म्हणाली आणि हसत बांधावर बसली.

सगळं जमत होतं असं नाही. रोटाव्हेटरची पाती काढून घासली आणि परत बसवताना आम्ही डाव्या वाकाची उजवीकडे लावली. यंत्र जमिनीवर असं उड्या मारायला लागलं की आक्का सीटवरून पडता पडता राहिली. मी पुस्तक उघडून चित्र बघितलं आणि दोघी मातीत बसून हसलो. पुन्हा सगळी पाती खोलायला संध्याकाळ झाली.

पण ती एकदा चुकली की ते काम तिच्या हातात पक्कं बसायचं. काम संपलं की पहिल्यांदा इंजिन बंद करायची, चावी काढायची आणि माझ्या हातात द्यायची. यंत्राखाली तिचा हात असेपर्यंत चावी माझ्या कमरेला. मग मोळाच्या कुंच्याने चिकटलेलं गवत झाडायचं. पाणी मारायचं नाही, पाण्याने गंज धरतो. ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून पिवळं दिसेपर्यंत ती थांबायची नाही. पाती कानशीने घासायची ती मोजून, एका पात्याला जेवढे हात तेवढेच दुसऱ्याला. घासून झाली की मला दुकानातून ताजवा आणायला लावायची आणि समोरासमोरची दोन पाती दोन पारड्यांत ठेवायची. काटा जरा इकडेतिकडे झाला की जड पातं पुन्हा कानशीखाली.

"एक जड, एक हलकं झालं का आख्खं यंत्र थरथरतं," ती म्हणायची. "मंग बेरिंग जातं."

हे पुस्तकात होतं, पण ताजव्याची युक्ती तिची.

मलाही तिने जवळ घेऊन बरंच शिकवलं. साडीचा पदर कमरेला आवळून खोचल्याशिवाय ती मला फिरत्या दांड्याच्या आसपास येऊ द्यायची नाही. हळूहळू मी कुठला पाना कुठल्या नटाला लागतो ते सांगायच्या आधी काढून द्यायला लागले. घरी माझे यजमान म्हणायचे, तुझ्या हाताला आता ग्रीसचा वास येतो. मला तो आवडायचा.

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला. गवत गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. आभाळ निवळलं, ऊन लागायला लागलं आणि सगळ्यांना घाई झाली. आहे ते वाळायच्या आत कापून गंजी रचायची. माळाचा वरचा कोपरा आम्ही कधी कापत नव्हतो, कारण तिथले दगड वेचून झालेच नव्हते. त्या वर्षी तोही कापायचं ठरलं.

त्या कोपऱ्यात सकाळपासून मऊ बोल्ट तीनदा तुटला. तिसरा तुटला तेव्हा बारा वाजले होते. आक्काला म्हशी पाण्यावर न्यायच्या होत्या. जाताना ती म्हणाली, "शेक्रेटरी, आज बोल्ट तू लाव. मी आलेच." असं तिने पहिल्यांदाच माझ्यावर सोडलं होतं.

डबा उघडून बघितला तर मऊ बोल्ट संपले होते. ते मिळायचे अंबाजोगाईला. म्हणजे उद्यावर गेलं. बांधावर बायका वाट बघत बसल्या होत्या. मी घरी गेले, यजमानांच्या हत्यारांच्या पेटीत त्याच मापाचा एक चकचकीत, कडक बोल्ट मिळाला, तो आणून लावला. मिस्त्रींचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. एका दुपारचं तर काम आहे, असं मी मनात म्हटलं.

आक्का आली, चढली, काम सुरू झालं. तासाभराने तो आवाज झाला. मी बांधावर पाणी पीत होते. आधी खणकन आणि लगेच लाकूड फुटावं तसा आवाज. आक्काने इंजिन बंद केलं. मी पळत गेले तेव्हा गिअरबॉक्सचं कवच फुटलं होतं आणि आतलं ऑइल गवतावर सांडत होतं. पात्यात अर्धा पुरलेला दगड अडकला होता. बोल्ट जागेवरच होता, धड.

आक्काने खाली वाकून तो बोल्ट बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सभा बसली. अध्यक्षबाईंनी तो बोल्ट टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ह्यो कुणी लावला?"

माझ्यासमोर प्रोसिडिंगची वही उघडी होती आणि हातात पेन होतं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी आक्का बोलली.

"मी लावला. माझी चूक झाली."

कुणी काही विचारलं नाही. ठराव झाला की आक्काला ट्रॅक्टरवरून काढावं आणि पुतण्याला बसवावं. अध्यक्षबाईंनी माझ्या कानाशी वाकून मजकूर सांगितला आणि मी लिहिला. चालकाच्या हलगर्जीपणामुळे यंत्र निकामी झाले. माझ्याच हाताने, माझ्याच अक्षरात. मग वही फिरली. आक्काने ती गुडघ्यावर घेतली आणि तिला वाचता न येणाऱ्या त्या ओळीच्या खाली वेळ लावून सही केली.

त्या दिवशी घरी जाताना मी तिला गाठलं. "आक्का, तुमी असं कावून केलं?"

"तुला काढलं असतं तर संस्थेचं कागद कुणी केलं असतं? ट्रॅक्टरवर कुणी बी बसतं." आणि मग, "जा आता. दुधाची येळ झाली."

मी गेले.

यंत्र दुरुस्त होऊन यायला हिवाळा उजाडला आणि पुढच्या पावसाळ्यात पाऊसच आला नाही. मृगात थोडा शिंतोडा पडला, तेवढाच. माळावर गवताची ठोंबं खालपर्यंत वाळली, पाय पडला की त्यांचा भुगा व्हायचा. विहिरीच्या तळाला घागर टेकायला लागली, मग तेही संपलं आणि टँकर सुरू झाला. पुतण्याने एक-दोन महिने ट्रॅक्टरने पाण्याच्या टाक्या ओढल्या, मग तो कामासाठी लातूरकडे गेला. सिरसाळ्याच्या बाजूला जनावरांची छावणी पडली. गावातली निम्मी माणसं जनावरांबरोबर तिकडेच राहायला गेली. डेअरीत आधी दुधाचे कॅन रांगेने लागायचे, आता एक कॅन भरता भरत नव्हता.

ट्रॅक्टर आणि सगळी अवजारं डेअरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. एक दिवस दुपारी मी डेअरीला कुलूप लावत होते, तर आक्का आली. तिच्या म्हशी छावणीत होत्या, मुलाचा सासरा तिथे बघत होता.

"शेडची चावी दे," म्हणाली.

"कशाला?"

"उभं राहून गंजंल ते सगळं. उंदरं वायरी खातील. बघावं लागंल का न्हाई कुणी?"

तिला काढून टाकलेलं होतं, आणि ते काढल्याचं मीच लिहिलं होतं. मी चावी दिली आणि तिच्या मागोमाग आत गेले.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी आम्ही दोघी शेडमध्ये जायला लागलो. रोटाव्हेटर मातीत टेकला होता, तो आम्ही पहारीने उचलून लाकडाच्या ओंडक्यांवर ठेवला. पात्यांना इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल फडक्याने पुसलं. आक्का फिरता दांडा हाताने धरून सावकाश फिरवायची, आतली बेरिंगं एका जागी बसू नयेत म्हणून. तिने फिरवायचा आणि मी वाकून ऐकायचं, कुठे खरखर येते का. मग मी फिरवायचा आणि तिने ऐकायचं. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी आमच्याच गवताचं घर केलं होतं, ते तिने हलक्या हाताने काढलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा केलेलं.

काम असायचं तासाभराचं, आम्ही बसायचो चार वाजेपर्यंत. पत्रा तापलेला, बाहेर चिटपाखरू नाही. कोपऱ्यात मागच्या वर्षीच्या गंजीच्या थोड्या पेंढ्या राहिल्या होत्या, त्यांना टेकून बसायचो. पाण्याची बाटली एकच, दोघींत पुरवायची. ती मला मेंढरांमागे हिंडलेल्या दिवसांचं सांगायची. कुठल्या डोंगरावर कुठलं गवत कधी फुटतं, मेंढराला काय बाधतं, कोकराला पाठीवर कसं बांधायचं. मी तिला पेपर वाचून दाखवायची. एकदा तिने मला विचारलं, "तुला ट्रॅक्टर चालवावा वाटत न्हाई का गं?" मी म्हटलं, "तुमी असताना मी कशाला?" ती म्हणाली, "मी काय जलमभर असते का हितं."

दुष्काळाची आठवण कुणी मायेने काढत नाही. मी काढते. लोक टँकरच्या मागे धावत होते, माझ्या स्वतःच्या घरी एका घागरीत चार माणसांचं भागत होतं, आणि तरी त्या वर्षाचं नाव निघालं की मला आधी ते शेड आठवतं. इतकं सावकाश, इतकं निवांत मी पुन्हा कुणाबरोबर बसले नाही. त्या सगळ्या गुरुवारांत त्या ठरावाचा विषय मात्र मी काढला नाही. कितीतरी वेळा ओठांवर आला. आज नको, पुढच्या गुरुवारी, असं करत राहिले.

उन्हाळा संपता संपता आक्काचा मुलगा आला. तो चाकणला कंपनीत होता. म्हशी विकायचं ठरलं, आईला बरोबर न्यायचं ठरलं. निघायच्या दिवशी मी घाटनांदूरच्या फाट्यापर्यंत गेले होते. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी आणि आक्का. पहिल्यांदाच तिला मुलाच्या शर्टाशिवाय बघितलं, नवं पातळ नेसलेली.

"पाऊस पडला का येते," ती म्हणाली. "कापणीला फोन कर मला. आन दांडा फिरवत जा. इसरू नको."

गाडी आली, ती चढली. खिडकी तिला मिळाली नाही, त्यामुळे गाडी हलली तेव्हा मला ती दिसली नाही.

पाऊस पडला. त्याच वर्षी पडला, आणि मेलेली वाटलेली ठोंबं पंधरा दिवसांत हिरवी झाली. भादव्यात गवत कमरेला लागलं. मी फोन केला. आक्का म्हणाली, "गुडगा लई दुखतोय गं. आन नातीला शाळेत सोडायला कुणी न्हाई. पुढच्या साली बघू."

पुतण्या परतला नव्हता. बायका माझ्याकडे बघत होत्या. अध्यक्षबाईच म्हणाल्या, "तू आक्कासंगं येवढं केलंस, तूच बस." माझं वय तेव्हा पस्तीस. दोन दिवस डेअरीसमोर ट्रॅक्टर पुढे-मागे करून हात बसवला, मग साडीवर यजमानांचा शर्ट घातला आणि चढले. चढायच्या आधी सगळा माळ पायी फिरले. वरच्या कोपऱ्यात यंत्र घातलं नाही, तिथे आधी दगड वेचायला लावले. डब्यात मऊ बोल्ट भरून ठेवले होते. त्या दिवशी दोन तुटले, दोन्ही मी बदलले. संध्याकाळी उतरले तेव्हा माझे हात थरथरत होते आणि ते सांगायला कुणी नव्हतं. बायका होत्या, कौतुक करत होत्या. पण ज्या माणसाला सांगायचं होतं ते चाकणला होतं.

पुढच्या साली आक्का आली नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही. मग मीच गेले. भाचीच्या लग्नाला पुण्याला जायचं होतं, तिथून एक दिवस काढून चाकण गाठलं.

चार मजल्यांची इमारत, पुढे हातभर बगीचा. आक्का खाली बाकावर बसून माझी वाट बघत होती. अंगाने भरली होती, रंग उजळला होता. पायात स्लीपर, डोळ्यांवर चष्मा. मला बघून उठली, गालावरून हात फिरवून बोटं मोडली. जेवायला गव्हाची पोळी, बटाट्याची भाजी आणि शिकरण केलं होतं. थोरली नात आजीला टीव्हीतलं काहीतरी दाखवत होती आणि आजी रंगून बघत होती.

दुपारी आम्ही पुन्हा खाली बाकावर येऊन बसलो. मी माळाचं सांगायला सुरुवात केली. गवत कसं आलंय, सीताफळं किती लागली, रोटाव्हेटरचं ऑइल सील कसं बदललं. ती ऐकत होती, हं हं करत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "खरं सांगू का शेक्रेटरी? पैल्यांदा लई आठवण यायची. आता येवढी येत न्हाई. हितं नळाला पाणी हाय. हांड्यासाठी उठावं लागत न्हाई. पोरीचं तोंड दिसतं रोज. बरं हाय माझं."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण तीन वर्षं मला वाटत होतं की तिकडे तीही असंच झुरत असेल.

तेव्हाच मी ते बोलले. कदाचित तिला थोडं तिकडे ओढून न्यावं म्हणूनही बोलले असेन. म्हटलं, "आक्का, त्या सभेत मी काय लिहिलं ते तुमाला कधी सांगितलं न्हाई."

"काय लिवलंतंस?"

"चालकाच्या हलगर्जीपणामुळे यंत्र निकामी झालं, असं."

"हलगर्जीपणा म्हंजी?"

"म्हणजे... लक्ष न देता, कसंबी काम करणं."

ती चष्मा काढून पदराने पुसत बसली. मग म्हणाली, "चूक झाली असं लिवायचं होतं. मी तसंच बोलले होते. चूक कुणाची बी होती. पण मी कसंबी काम करत न्हवते." आवाज चढला नव्हता, पण तोंड बारीक झालं होतं. "माझी सही हाय का त्याच्या खाली?"

"हाय."

"तू वाचून दाखवायचं होतंस गं. सगळं तर वाचून दाखवायचीस."

मी रडायला लागले. तिने मला थोपटलं नाही, पण उठूनही गेली नाही. बसून राहिली. शाळेची रिक्षा आली, धाकटी नात उतरली, तेव्हा ती तिचं दप्तर घ्यायला उठली. निघताना तिने मला कुंकू लावलं, पिशवीत चिवडा घातला. फाटकापर्यंत आली. पण हसली नाही.

गावी आल्यावर पुढच्याच सभेत मी उभी राहिले. अध्यक्षबाई आता दुसऱ्या होत्या. मी म्हटलं, एक जुना ठराव दुरुस्त करायचाय. सगळं सांगितलं. बोल्ट मी लावला, मिस्त्रींनी नको म्हटलेलं माहीत असताना लावला, आक्काने ते स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. एकीने विचारलं, "आता येवढ्या वर्षांनी कशाला काढायचं ते?" मी म्हटलं, तिला ते लागलंय म्हणून. सचिवपद सोडते असंही म्हटलं. ते कुणी ऐकलं नाही, पण ठराव लिहू दिला. यंत्र निकामी होण्यास सचिव जबाबदार असून चालक महिलेने आपले काम सदैव काळजीपूर्वक केले. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

त्याच दिवशी आक्काला फोन लावला आणि वाचून दाखवला.

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, "फिरून वाच."

मी पुन्हा वाचला.

"काळजीपूर्वक," ती म्हणाली. "हां. हे बरोबर हाय." मग विचारलं, "ग्रीस कुणाकडून आणतीस आता?" मी सांगितलं, आणि आम्ही बराच वेळ ग्रीसवर बोललो.

आता तिचे फोन येतात. तब्येत, नातींची शाळा, इकडचा पाऊस. कधी कधी मी ट्रॅक्टरचं सांगायला लागते तेव्हा ती मधेच दुसरं काही काढते. मी ते समजून घ्यायला शिकले आहे. कापणीला आता संस्थेतल्या आणखी दोघीजणी बसतात, चांगलं चालवतात. पाती मात्र मी कुणाला घासू देत नाही.

मागच्या दिवाळीला ती येते म्हणाली. नातीला सुट्टी आहे, मुलगा गाडी करणार आहे, चार दिवस राहते, माळ बघते. मी खोली झाडून सारवून ठेवली. गवत ऐन कापणीला आलं होतं. कापणी थांबवली, म्हटलं तिला उभं गवत बघू दे, वाटलं तर एक फेरी तिलाच मारू दे. दिवाळी आली. मुलाला सुट्टी मिळाली नाही, असा फोन आला, उद्या-परवा बघतो म्हणाला. मी आणखी दोन दिवस थांबले. बायका कुरकुर करायला लागल्या, गवताला कुसळ धरायला लागलं होतं, ताटं पिवळी पडत होती. आणखी दोन दिवस थांबले.

पाचव्या दिवशी सकाळी शेड उघडलं, यंत्र जोडलं आणि खालच्या बांधापासून कापायला सुरुवात केली.